गाणं उसवताना

माझी आई ब्लाउज शिवते. नवीन फॅशनचा ब्लाउज कुणी मागितला की ती कटिंगचं पुस्तक वगैरे काढत नाही, अंगाला बरोबर बसलेला एखादा जुना ब्लाउज मागून आणते, ब्लेडच्या टोकानं एकेक टाका उसवते, बाही वेगळी, पाठ वेगळी, कटोरी वेगळी, मग सगळे तुकडे पेपरवर पसरून पेन्सिलनं आखून घेते आणि संध्याकाळपर्यंत तो ब्लाउज परत होता तसा शिवून ठेवते. मी लहानपणापासून हे बघत आलेय, आणि गेली दीड वर्षं मी हिपहॉपचे बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, बनवायला शिकतेय तेसुद्धा डिट्टो ह्याच पद्धतीनं, फक्त ब्लेडच्या जागी गाण्याचे थर सुटे करणारं स्टेम सेपरेशनचं सॉफ्टवेअर आहे.

आधी थोडं सांगते. दिवसा मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात अकाउंट्स बघते, सीझनला सौदे चालू असले की घरी येईपर्यंत ओढणीपासून चपलेपर्यंत सगळं पिवळं झालेलं असतं. रात्री जेवणं उरकली की लॅपटॉप उघडते. मावसभाऊ मिरजेला असतो, तो रॅप लिहितो, खरंच चांगला लिहितो, आणि त्याला नेटवरच्या फुकट बीटवर रॅप करायचा कंटाळा आला होता म्हणून तो म्हणला, तायडे तू शाळेत पेटी वाजवायचीस की, मग तूच कर की आपलं बीट. तिथनं सुरू झालं.

पहिले तीन-चार महिने नुसते यूट्यूबचे व्हिडिओ बघितले. किक (ड्रमचा जाड धपका) इथं ठेवा, स्नेअर (कडक ताड) दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठेवा, हाय हॅट (झांजेची बारीक टिकटिक) भरा, खाली एटओएट (लांब घुमणारा बेस) टाका, झालं. सगळं सांगितलं तसं करायचे, बीट तयारपण व्हायचा, पण तो चालायचा नाही, नुसता उभा राहायचा. मान हलायची नाही. आणि मला आवडणाऱ्या गाण्यात तेच किक, तेच स्नेअर असायचे तरी मान आपोआप हलायची. मग माझं काय चुकतंय हे कुठल्या व्हिडिओत सापडेना, कारण व्हिडिओवाला रेसिपी सांगतो, त्याच्या हाताला काय सवय आहे ते तो सांगू शकत नाही, त्याला स्वतःलाच ते माहीत नसतं.

तेव्हा मी गाणी उसवायला लागले. स्टेम म्हणजे गाण्यातला एकेक थर, आणि हे सॉफ्टवेअर साधारण चार ढीग करून देतं, गळा, ड्रम्स, बेस आणि उरलेलं सगळं. २०१९ मध्ये डीझर ह्या फ्रेंच म्युझिक कंपनीनं स्प्लीटर नावाचं टूल सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं, त्याच वर्षी फेसबुकच्या रिसर्चवाल्यांचं डीमक्स आलं, आणि अल्टिमेट व्होकल रिमूव्हर म्हणून एक फुकट प्रोग्रॅम आहे त्यात अशी बरीच मॉडेल्स एका जागी मिळतात, मी तोच वापरते. आता एफएल स्टुडिओ, लॉजिक ह्या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरांतपण ही सोय आतच आली आहे. माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे एक गाणं लावायचं, भांडी घासायची, ओटा पुसायचा, तोवर झालेलं असतं.

हे आत नेमकं करतं काय ते मी मुद्दाम वाचून समजून घेतलं आणि ते समजून घेतल्याशिवाय कुणी सुरुवात करू नये असं माझं मत आहे. स्प्लीटरसारखं मॉडेल गाण्याचं आधी एक चित्र करतं, आडवा वेळ आणि उभी फ्रिक्वेन्सी, आणि त्या चित्रातल्या प्रत्येक बारक्या चौकटीबद्दल अंदाज बांधतं की ह्यातलं किती गळ्याचं आणि किती ड्रमचं. डीमक्स आधी सरळ वेव्हफॉर्मवरच काम करायचं, नंतरच्या व्हर्जनांत दोन्ही एकत्र करतात. पण शेवटी अंदाजच. स्टुडिओतले मूळ ट्रॅक काय परत मिळत नाहीत, झालेल्या चहातनं दूध परत काढता येत नाही तसंच आहे हे. मॉडेलनं दुधासारखं दिसणारं काहीतरी स्वतः तयार करून दिलेलं असतं, बऱ्याचदा फार सुंदर, पण ते त्याचं.

ही गोष्ट मला उशिरा कळली आणि तिच्यापायी माझे दोन आठवडे गेले. एका ट्रॅकचे ड्रम्स वेगळे काढले तर हाय हॅटला एक मस्त पाण्यासारखी सळसळ होती, प्रत्येक हॅट जरा वेगळी, जशी काय ओलसर. मला वाटलं हेच ते गुपित. रोज रात्री बसून फेझर नावाचा इफेक्ट लावून बघितला, फ्लँजर लावून बघितला, सेटिंग बदलून बदलून कान दुखायला लागले, ती सळसळ येईना. आणि मग एका रविवारी मूळ गाणं नीट हेडफोनवर ऐकलं तर तिथं ती सळसळच नाही! हॅट साधी, कोरडी, चकचकीत. गायकाच्या स, श, छ च्या जागा आणि हॅटच्या जागा फ्रिक्वेन्सीत जवळजवळ एकच असतात, त्यामुळे शब्द आला की मॉडेल हॅटचा थोडा भाग गळ्यात टाकतं, शब्द गेला की परत देतं, ती ये-जा मला सळसळ वाटत होती. मी दोन आठवडे सॉफ्टवेअरच्या चुकीची नक्कल करत होते.

त्यानंतर मी एक चाचणी ठरवली आणि ती अजून दर महिन्याला करते, शिकणाऱ्या प्रत्येकानं करावी. स्वतःचा बीट घ्यायचा, ज्याचे सुटे ट्रॅक आपल्याकडे आहेत, त्यावर भावाचा गळा चढवायचा, एकत्र एक्सपोर्ट करायचा आणि सेपरेटरमधनं काढायचा. मग मॉडेलनं दिलेले ढीग आणि आपले खरे ट्रॅक शेजारी शेजारी ठेवून ऐकायचे. त्यात मला कळलं की माझ्या एटओएटचा सुरुवातीचा ठोका ड्रम्समध्ये जातो आणि मागची लांब शेपटी बेसमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यात बेस ‘उशिरा’ सुरू होतोय असं दिसलं तर तो बहुतेक उशिरा नाहीच. रिव्हर्बचं, म्हणजे घुमण्याचं, शेपूट गळ्यापासून तुटून उरलेल्याच्या ढिगात पडतं. म्हणून गाणं किती कोरडं आहे हे गळ्याच्या स्टेमवरनं कधी ठरवू नये. अजून एक, चारही स्टेम एकत्र लावून त्याच्यावर मूळ गाणं फेज उलटं करून ठेवलं, म्हणजे एकातनं दुसरं वजा केलं, की काय उरतं ते ऐकायचं, सगळं जुळलं तर जवळजवळ शांतता, नाहीतर जो कचरा ऐकू येतो तो वाटपात कुठंतरी हरवलेला माल असतो. अडतीवर वजनात घट आली की आम्ही जशी शोधतो तसंच.

आता खरं सापडलं ते सांगते, टायमिंग. जुन्या बूम बॅप पद्धतीचा ९० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांचा, एक ट्रॅक होता, त्याचे ड्रम्स काढून रीपर ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रिडवर, म्हणजे सारख्या अंतराच्या रेघांवर, ठेवले आणि झूम केलं. आवाजाचा पोत मॉडेल बिघडवतं, पण ठोका कधी पडला ते बऱ्यापैकी इमानदारीनं सांगतं, म्हणून टायमिंगसाठी ड्रम स्टेमवर मी विश्वास ठेवते. ९० बीपीएमला एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा, त्याचे चार भाग केले की एकेक १६७ च्या आसपास. त्या ट्रॅकमध्ये प्रत्येक दुसरी हॅट पंचवीस-तीस मिलिसेकंद उशिरा होती. म्हणजे साधारण ५८ टक्के स्विंग, दोन हॅटच्या जोडीतला ५८ टक्के वेळ पहिलीलाच. हे स्विंगचं गणित एमपीसीसारख्या बोटानं ड्रम वाजवायच्या मशीनमधनं आलंय, अकाईची एमपीसी६० आली १९८८ ला, रॉजर लिननं डिझाईन केलेली, त्यात ५० टक्के म्हणजे सरळ आणि ७५ पर्यंत नेता यायचं. हे इथपर्यंत तर एक बटण दाबून होतं. पण स्नेअर बघितले तर ते ग्रिडच्या किंचित पुढं, आठ-दहा मिलिसेकंद लवकर, आणि किक थोडी मागं, प्रत्येक बारमध्ये, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनात, वेगळी. म्हणजे तिघं तीन चालीनं चाललेत आणि तरी एकत्र. माझ्या बीटमध्ये तिघंही एनसीसीच्या परेडसारखे एका पायावर.

हे दिसलं तेव्हा मला आमच्या गावाकडचे पखवाजवाले आठवले. आजोबांच्या भजनी मंडळात ते बसायचे, टाळकरी सगळे पुढं पळायला लागले की ते हात जरासा मागं धरायचे, नुसता केसभर, आणि सगळं मंडळ परत जाग्यावर यायचं. आजोबा म्हणायचे त्यांचा हात वजनदार आहे. वजन म्हणजे जोरात मारणं असं मला लहानपणी वाटायचं. डेट्रॉइटचा बीट बनवणारा जे डिला, जो २००६ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी गेला, त्याच्याबद्दल सगळे सांगतात की तो मशीनचं क्वांटाइझ, म्हणजे ठोके आपोआप ग्रिडवर बसवणं, बंद ठेवून बोटानं ड्रम वाजवायचा. त्याची एमपीसी३००० आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये ठेवलीये. मी त्याचे ड्रम्स काढून बघितले तेव्हा मला परका माणूस भेटल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

एक विचार माझ्या डोक्यात ह्या सगळ्यात घोळत राहिला. हिपहॉप जन्मलंच मुळी गाण्यातला सुटा तुकडा पकडण्यातनं. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क ह्या डीजेनं जी पार्टी केली म्हणतात, तिथं त्यानं बघितलेलं की लोक नाचतात ते गाण्याच्या त्या भागावर जिथं गायक आणि बाकी वाद्यं थांबतात आणि ड्रमर एकटा उरतो. तेवढाच भाग दोन टर्नटेबलवर तो परत परत फिरवायचा. त्याच्याकडं सेपरेशन नव्हतं, म्हणून रेकॉर्डमध्येच जिथं ड्रम एकटे सुटलेत ती जागा शोधायची. विन्स्टन्स ह्या बँडचा १९६९ चा तो ब्रेक, म्हणजे ड्रमचा सुटा तुकडा, ज्याला सगळे आमेन ब्रेक म्हणतात, तो फक्त सात सेकंदांचा, चार बार. ग्रेगरी कोलमन वाजवतोय. पहिले दोन बार सरळ, तिसऱ्यात एक स्नेअर उशिरा, चौथ्यात पहिला ठोकाच रिकामा सोडलेला. ते सात सेकंद जगभर हजारो गाण्यांत वापरले गेले आणि कोलमनला त्याचा रुपया मिळाला नाही, हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. माझ्याकडं आज असं सॉफ्टवेअर आहे की कुठल्याही गाण्याच्या कुठल्याही जागेतनं ड्रमर एकटा काढता येतो, हर्कला मिळाली नाही अशी चैन आहे ही. म्हणून मी दोन गोष्टी पाळते, काढलेले स्टेम माझ्या लॅपटॉपच्या बाहेर जात नाहीत, आणि बीटमध्ये लावायचं ते सगळं स्वतः वाजवते किंवा वाजवणाऱ्याला विचारून रेकॉर्ड करते.

आणि उसवायच्या आधी ऐकते. हे मी आईकडनं घेतलं, ती ब्लेड लावायच्या आधी ब्लाउज उलटा करून अर्धा तास नुसती बघत बसते. मी वही घेते, गाणं पाच-सहा वेळा लावते आणि लिहून काढते, बेस कुठं थांबला असेल, हुकमध्ये (परत परत येणाऱ्या ओळीत) गळ्याचे किती थर असतील, स्नेअरखाली टाळी आहे का. मग स्टेम काढून तपासते. सुरुवातीला दहातले तीन अंदाज बरोबर यायचे, आता सहा-सात येतात. सरळ स्टेम काढून ऐकलं तर त्या रात्री सगळं कळल्यासारखं वाटतं आणि सकाळी दुकानात जाईपर्यंत डोक्यात काहीच राहत नाही.

ह्या वहीत सगळ्यात जास्त काय लिहिलंय म्हणाल तर ‘इथं काही नाही’. सोळा बारच्या कडव्यात आठव्या बारच्या शेवटी किक गायब, एक शब्द एकटा पडतो, आणि परत किक आली की तीच जुनी किक दुप्पट मोठी वाटते. बेस तर बऱ्याच ठिकाणी किक पडायच्या क्षणी दबलेला असतो, जागा करून देतो आणि मग वर येतो. मी माझ्या बीटमध्ये बारा-बारा ट्रॅक भरत होते, मला वाटायचं मोठ्या लोकांच्या गाण्यात पन्नास गोष्टी असतील. उसवल्यावर दिसलं की एका क्षणाला चार-पाचच वाजतायत.

भावाला हलगी पाहिजे होती बीटमध्ये. आमच्याकडं हलगी, घुमकं (खालच्या आवाजाचं) आणि कैताळ (झांजा) असा ताफा असतो, जत्रेला, वरातीला, कुस्तीच्या मैदानाला, तो आवाज लागला की ह्या भागातल्या माणसाचे पाय जाग्यावर राहत नाहीत. मी आधी मैदानातल्या आमच्याच मोबाइल रेकॉर्डिंगचे स्टेम काढून बघितले, त्यातनं ठेका समजून घ्यावा म्हणून. मॉडेलची पार तारांबळ उडाली. घुमक्याचा खालचा आवाज अर्धा बेसमध्ये, अर्धा ड्रम्समध्ये, कैताळ ‘उरलेलं’मध्ये, आणि पलीकडं कुठंतरी वाजणारी सनई चक्क गळ्यात. त्याचा दोष नाही, संशोधनात अशी मॉडेल्स शिकवायला बरेचजण वापरतात तो म्युझडीबी१८ नावाचा संच फक्त १५० गाण्यांचा आहे, सगळी मिळून दहाएक तास, आणि त्यात बहुतेक पाश्चात्त्य पॉप-रॉक. घुमकं त्यानं बहुतेक ऐकलंच नसेल कधी. पण आपल्या वाद्यांचे सुटे ट्रॅक कुणीतरी नीट रेकॉर्ड करून ठेवायला पाहिजेत असं मला तेव्हापासून मनापासून वाटतंय. शेवटी वाजवणाऱ्या पोरांनाच बोलावलं, एकेकाला वेगळं रेकॉर्ड केलं, आणि हलगीवाला एकटा वाजवायला तयारच होईना, घुमकं नसलं तर हात चालत नाही म्हणला, मग घुमकं दाराबाहेर उभं करून वाजवलं.

तानपुऱ्याचं असंच झालं. हुकखाली तानपुरा पाहिजे होता. एका रेकॉर्डिंगमधनं काढून बघितला, फक्त अभ्यासाला, तर तो मेलेला वाटला. सूर होता पण काहीतरी गेलं होतं. मिरजेला सतारमेकर गल्लीत भावाच्या ओळखीचे एक चाचा आहेत, तंतुवाद्यं करणाऱ्या जुन्या घराण्यातले. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ ला जीआय मानांकन मिळालं हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल. लॅपटॉप घेऊन त्यांच्या दुकानात गेले, भोपळ्यांच्या राशीत बसून त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी दहा सेकंद ऐकलं आणि काढून ठेवला.

“तार हाय बाळा, पण ह्याची जवारी मेलीय की.”

जवारी म्हणजे ती झणझण, तार घोडीच्या किंचित उतरत्या माथ्याला घासत सुटते त्यातनं येणारे वरचे सगळे सूर. मॉडेलनं नेमके तेच वरचे सूर हॅटमध्ये आणि गळ्यात वाटून टाकले होते. मग चाचांनी खरा तानपुरा घेतला आणि जवारी कशी लावतात ते दाखवलं. तीन तारांवर बोट ठेवून गप्प केल्या, एकच छेडली. घोडीवर कानस दोनदाच फिरवली, फुंकर मारली, परत छेडली. तारेखालचा सुती दोरा नखानं केसभर सरकवला, आणि तो सूर एकदम उघडला, जसं खोलीत कुणी खिडकी उघडावी. अशा चारही तारा एकेकट्या केल्या. मला वाटलं झालं. तर त्यांनी चारही एकत्र छेडल्या, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि दुसऱ्या तारेचा दोरा परत मागं घेतला.

“ती तर चांगली वाजत होती की चाचा?”

“एकटी चांगली होती. घरात चौघं हायत.”

मी तिथंच वीस मिनिटं रेकॉर्ड केलं. घरी येऊन बघितलं तर त्यांच्या बोटांतलं अंतरसुद्धा सारखं नव्हतं, शेवटच्या, खर्जाच्या तारेनंतर ते जरा जास्त थांबायचे. ते अंतर मी मोजलं आणि हॅट त्याच चालीवर बसवली, ग्रिड बंद करून. मग किक, हलगी, बेस, त्यावर भावाचा गळा, हुकमध्ये तीन थर. पहिल्यांदा माझा बीट चालायला लागला. भाऊ काही बोलला नाही, फक्त परत लाव म्हणला, आणि मग परत.

मागच्या रविवारी तो पूर्ण ट्रॅक चाचांना ऐकवायला गेलो दोघं. हेडफोन लावून त्यांनी सगळा ऐकला, रॅप चालू, हलगी चालू, खाली एटओएट दणाणतंय, त्यांची मान हलत होती. संपल्यावर त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला.

“चांगलं झालंय. जोडातली दुसरी तार उतरलीय बघ, मणी सरकला असंल.”

जोड म्हणजे मधल्या एकाच सुराच्या दोन तारा, आणि मणी सरकवून सूर बारीक जुळवतात. घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग उघडलं, ती एक तार वेगळी कापून ट्यूनरवर लावली. सहा सेंट, म्हणजे अगदी केसभर, खाली होती. परत रेकॉर्ड करायला येत्या रविवारी जाणार आहे, चाचा म्हणाले सकाळी लवकर या, दुपारी गल्लीत गाड्यांचा आवाज असतो.